बारा शब्द जास्त

टामालेच्या बसस्टँडमागे माझं दुकान:
एक प्रिंटर, एक स्कॅनर, दोन संगणक
आणि हरमॅटनची धूळ, ती मात्र फुकट.
नोव्हेंबर सरत आला की पोरं येऊ लागतात
प्लास्टिकच्या फाइलीत आयुष्य घालून,
दारातूनच विचारतात, कलर प्रिंट केवढ्याला?
कलर कशाला हवा, हे मी विचारत नाही.

वुंपिनी आली ती मंगळवारी.
जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी.
आईला विचारलं, तर म्हणे,
ज्या साली गिनी कोंबड्या अंड्यावर बसल्याच नाहीत, त्या साली.
फॉर्मात चौकटी तीनच:
दिवस, महिना, वर्ष.
कोंबड्यांना जागा नाही.

शिफारसपत्र द्यायचं होतं दावुनी सरांनी.
ते निवृत्त होऊन येंडीच्या रस्त्याला राहतात.
दोनदा गेली, तर सर शेतावर.
तिसऱ्यांदा म्हणाले,
तूच लिही, चष्मा फुटलाय, मी सही करतो.
मग रात्रभर ती
सरांच्या आवाजात स्वतःबद्दल लिहीत बसली.
सकाळी माझ्या खुर्चीत बसून
‘असामान्य’ खोडलं, ‘नियमित’ केलं.
सर असं बोलतच नाहीत, म्हणाली.
अगं, नियमित मुलींना एडिनबरोला कोण नेतं?
हसली.
शब्द तोच ठेवला.

राहिला निबंध.
‘तुम्ही नेतृत्व केल्याचा एक प्रसंग लिहा.’
आपली टिमकी आपणच वाजवायची,
तीही मोजून पाचशे ठोके;
पाचशे एकाव्याला संगणक मनगट धरतो.
तिने पंपाचं लिहिलं होतं.
हातपंप बिघडला, दुरुस्तीवाला नऊ दिवस आला नाही,
लांबच्या एकाच विहिरीवर एकसष्ट बायका,
आणि हिने वहीत नंबर लावून दिले,
भांडण झालं नाही. एवढंच.
एवढ्याला नेतृत्व म्हणतात का, तिने विचारलं.
मी म्हटलं, माझ्या दुकानात रांग लावून दाखव,
मग सांगतो.

पाचशे बारा शब्द.
बारा काढायचे होते.
‘अत्यंत’ गेलं तर वाक्य लंगडतं,
‘आणि’ गेलं तर दोन वाक्यं एकमेकांकडे बघत बसतात.
तासभर आम्ही दोघं तांदळातले खडे निवडावेत तसे
वेचत होतो, परत टाकत होतो.
शेवटी तिने एक अख्खी ओळ काळी केली,
बटण दाबलं.
पाचशे.
कोणती ओळ ते मी पाहिलं नाही,
कारण तेवढ्यात वीज गेली.

जनरेटरला पेट्रोल नव्हतं.
माझ्या मोबाइलवर चार टक्के,
शेजारच्या शिंप्याच्या मोबाइलवर चौतीस.
त्याच्या मांडीवर बसूनच म्हणायचं तो अर्ज गेला,
मुदतीला सात मिनिटं असताना.
शिंपी घाबरून हललासुद्धा नाही.

मीही भरला होता एकदा.
‘कळवण्यास खेद होतो’ असं आलं,
खाली कुणाचीतरी सही, फार सुंदर.
निबंधाचा पहिला परिच्छेद अजून पाठ आहे मला,
प्रिंटर तापेपर्यंत कधीकधी मनात म्हणून होतो.

वाया गेलेले कागद मी साना मावशीला देतो.
ती त्यांचे पुडे करते, भुईमुगाच्या दाण्यांचे.
अख्खा बाजार दाणे खात
कुणाचं तरी नेतृत्व वाचत हिंडतो,
हाताला तेल लागलं की बोटं त्यालाच पुसतो.

काल माझ्या वाट्याला जो पुडा आला
त्यावर तिचा दुसरा मसुदा होता.
दाणे संपल्यावर तळाशी सापडली ती ओळ,
पेन्सिलीने आडवी रेघ मारलेली:
‘आई शिआचं लोणी घुसळताना मी तिच्या पाठीला पाठ लावून भूगोल पाठ करायचे.’

मोजले.
बाराच.

पुडा उलगडून सपाट केला,
स्कॅनरच्या काचेखाली ठेवला.
गिऱ्हाईक आलं, कलर प्रिंट केवढ्याला विचारत.
अजून तिथेच आहे.